पार्टिशन सर्वांत शेवटी: घरच्या संगणकावरून उबुंटू काढताना

विंडोजच्या शेजारी बसवलेले उबुंटू, म्हणजे लिनक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम, काढून टाकायचे ठरले, की पहिला विचार त्याचे पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याला दिलेला भाग, डिलीट करण्याचाच येतो, आणि ते काम दोन-तीन क्लिकमध्ये होण्यासारखे असल्यामुळे पुष्कळ जण तेच आधी उरकतात. पुढच्या वेळी संगणक सुरू केल्यावर मात्र विंडोजच्या ओळखीच्या चिन्हाऐवजी काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढा शब्द आणि लुकलुकणारा कर्सर दिसतो. विंडोजला काहीही झालेले नसते, कागदपत्रे आणि छायाचित्रे जागच्या जागी असतात, तरीही घरातल्या माणसांना संगणक बिघडला असेच वाटते. अशा अवस्थेत तो दुरुस्तीला नेला, तर संपूर्ण डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला मिळू शकतो, आणि त्याची मुळीच गरज नसते. एका नातेवाइकांच्या घरी असे घडलेले मी पाहिले होते. म्हणून आमच्या घरच्या संगणकावरून उबुंटू काढण्याची वेळ आली, तेव्हा कामाचा क्रम आधी कागदावर लिहून काढला आणि मगच हात घातला. तो क्रम आणि त्यामागची कारणे येथे मांडत आहे.

आमच्या संगणकात ५१२ जीबीची एसएसडी आहे. मुलीच्या प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासासाठी त्यातले १०० जीबी उबुंटूला दिले होते. आता तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप आहे, तिचे उबुंटूही तिच्याबरोबर तिकडे गेले आहे, आणि घरच्या संगणकावरचा ‘सी’ ड्राइव्ह छायाचित्रांनी व कार्यालयीन कामांच्या फायलींनी भरत आला आहे. उबुंटूविषयी माझी कोणतीही तक्रार नाही, उलट कृतज्ञताच आहे. ज्यांचा संगणक टीपीएम २.० या सुरक्षा-चिपसारख्या अटींमुळे विंडोज ११ साठी अपात्र ठरतो, त्यांनी तर लिनक्स काढण्यापूर्वी पुन्हा विचार करावा असेच मी म्हणेन. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, अशा जुन्या यंत्रावर पुढची काही वर्षे सुरक्षितपणे चालू शकेल अशी व्यवस्था बहुधा लिनक्सचीच आहे.

मूळ मुद्दा असा की दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम केवळ तिच्या पार्टिशनमध्ये राहत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक संगणकांवर यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे संगणक सुरू होताच चालणारी मदरबोर्डवरची मूळ आज्ञावली, असते आणि डिस्कची आखणी जीपीटी पद्धतीची असते. अशा संगणकावर उबुंटू तीन ठिकाणी वस्ती करते. पहिले ठिकाण म्हणजे त्याचे स्वतःचे मोठे पार्टिशन, ज्याची फाइल सिस्टीम, म्हणजे फायली साठवण्याची पद्धत, सहसा ईएक्सटी४ असते. दुसरे ठिकाण म्हणजे डिस्कच्या आरंभी असलेले, सहसा १०० मेगाबाइटांचे ईएफआय सिस्टीम पार्टिशन. ते विंडोजने स्वतःसाठी तयार केलेले असले, तरी उबुंटू त्यातच आपले एक फोल्डर थाटते आणि ग्रब हा बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, तेथे ठेवते. तिसरे ठिकाण डिस्कवर नसतेच. ते मदरबोर्डवरच्या कायमस्वरूपी स्मृतीत असते. संगणक सुरू होताना कोणती फाइल आधी चालवायची याची यादी तेथे असते आणि त्या यादीत उबुंटूने आपले नाव बहुधा सर्वांत वर लिहून ठेवलेले असते.

आता पार्टिशन आधी डिलीट केले तर काय घडते ते पाहू. फर्मवेअर आपल्या यादीतली पहिली नोंद वाचते आणि ईएफआय पार्टिशनमधला ग्रब चालवते. ग्रबच्या शेजारी एक छोटी फाइल असते. तिच्यात मेनू नसतो; ‘अमुक ओळखक्रमांकाचे पार्टिशन शोध, खरा मेनू तेथे आहे’ एवढीच सूचना असते. ते पार्टिशन आता अस्तित्वातच नसल्याने ग्रब मेनू दाखवू शकत नाही आणि हाताने आज्ञा देण्याची वाट पाहत थांबतो. म्हणजे ज्या यंत्रणेवर हा सारा दोष येतो ती आपले काम नेमके करत असते. तिला पुढचा पत्ता सापडत नाही, एवढेच. या काळ्या पडद्यावर ‘एक्झिट’ असे टंकून एंटर दाबल्यास बऱ्याच संगणकांवर नियंत्रण फर्मवेअरकडे परत जाते आणि यादीतील पुढची नोंद, म्हणजे विंडोज, सुरू होते. ज्यांच्यावर ही वेळ आधीच आली आहे त्यांनी प्रथम एवढे करून पाहावे.

बायोस या जुन्या प्रकारच्या फर्मवेअरच्या संगणकांवर मात्र प्रकरण थोडे अधिक अवघड असते. तेथे डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा असतो, त्यात सुरुवातीच्या सूचनांसाठी ४४६ बाइट, चार पार्टिशनांच्या नोंदींसाठी ६४ बाइट आणि शेवटी खुणेचे २ बाइट असतात. उबुंटू बसवताना त्या ४४६ बाइटांत विंडोजच्या जागी ग्रबच्या सूचना लिहिल्या जातात. तेथे दोघांना शेजारी-शेजारी राहायला जागाच नसल्यामुळे, पार्टिशन काढण्यापूर्वी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून ‘बूटरेक’ या आज्ञेचा ‘फिक्सएमबीआर’ हा पर्याय वापरून त्या सूचना पूर्ववत कराव्या लागतात. आपला संगणक कोणत्या प्रकारचा आहे ते विंडोजमधील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या खिडकीत ‘बायोस मोड’ या ओळीसमोर लिहिलेले असते. आमच्या संगणकावर तेथे ‘यूईएफआय’ होते, आणि पुढचे सर्व विवेचन त्याच प्रकाराला धरून आहे.

माझ्या क्रमाचे सूत्र असे होते की जे मागे घेता येते ते आधी करावे, आणि जे मागे घेता येत नाही ते शेवटी. फर्मवेअरच्या यादीतला क्रम बदलणे कधीही उलटवता येते. ईएफआय पार्टिशनमधले फोल्डर गेले तरी ते पुन्हा निर्माण करता येते. पार्टिशन मात्र एकदा पुसून त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले, की त्यातला मजकूर गेला. उलट, ते पार्टिशन जोपर्यंत जागेवर आहे, तोपर्यंत उबुंटूच्या लाइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न बसवता थेट चालणाऱ्या, पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून आत विसरलेली एखादी फाइल परत आणता येते. ही सवलत शेवटच्या क्षणापर्यंत हाताशी ठेवण्यासाठीच पार्टिशन सर्वांत शेवटी.

तरीही बॅकअप आधीच घ्यायचा, आणि तो उबुंटूमध्ये बसूनच घ्यायचा, कारण विंडोजला ईएक्सटी४ स्वतःहून वाचता येत नाही. विंडोजमध्येच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही सोय ईएक्सटी४ डिस्क जोडून देऊ शकते, परंतु ज्या डिस्कवरून विंडोज स्वतः चालू आहे त्याच डिस्कवरचे पार्टिशन ती जोडत नाही, आणि घरच्या संगणकात बहुधा एकच डिस्क असते. होम फोल्डरमधल्या दिसणाऱ्या फायली सगळेच उचलतात. राहून जातात त्या टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फायली. दुसऱ्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या एसएसएचच्या किल्ल्या, थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममधली पत्रे आणि हाताने बसवलेले मराठी फाँट अशाच लपलेल्या फोल्डरांत असतात. फायरफॉक्सचे बुकमार्क आणि पासवर्ड उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘स्नॅप’ नावाच्या फोल्डरखाली असतात. बाहेरच्या डिस्कची फाइल सिस्टीम एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावी, कारण फॅट३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. फाइलच्या नावात विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह किंवा प्रश्नचिन्ह असल्यास लिनक्सला ते चालते, विंडोजला चालत नाही, तेव्हा अशी नावे आधीच बदलावीत. देवनागरी नावांची मात्र काळजी नको. ईएक्सटी४ मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे आणि देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे तेथे ८५ हून अधिक चिन्हांचे नाव मुळात देताच येत नाही. एनटीएफएसवर तशी २५५ चिन्हे बसतात, त्यामुळे उबुंटूवरचे कोणतेही मराठी नाव विंडोजवर लांबीमुळे अडत नाही.

उबुंटूमध्ये असतानाच मी आणखी दोन कामे उरकली. ‘डिस्क्स’ हे अॅप उघडून सर्व पार्टिशनांची यादी, त्यांचे आकार आणि त्यांचा क्रम कागदावर उतरवला. येथे एक गफलत टाळली पाहिजे: हे अॅप १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, त्यामुळे विंडोजमध्ये १०० जीबी दिसणारे पार्टिशन उबुंटूत सुमारे १०७ जीबी दिसते. आकड्यांतला हा फरक ठाऊक नसेल, तर ऐनवेळी ओळख पटवताना मन साशंक होते. दुसरे काम सिक्युअर बूटसंबंधी, म्हणजे खात्रीची सही असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणाऱ्या फर्मवेअरमधल्या सोयीसंबंधी, होते. सिक्युअर बूट चालू असताना उबुंटूत एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्स बसवले असेल, तर त्या वेळी मशीन ओनर की नावाची एक किल्ली फर्मवेअरच्या स्मृतीत नोंदवली जाते. विंडोज ती वाचतही नाही, त्यामुळे ती मागे राहिली तरी बिघडत नाही. पण जे काढायचे ते पूर्ण काढावे या मताचा मी असल्याने ‘मॉकयुटिल’ या आज्ञेच्या ‘रिसेट’ पर्यायाने ती आधीच काढून टाकली.

त्यानंतर विंडोजमध्ये येऊन बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू आहे का ते पाहिले. ही पायरी लहान आहे, पण ती गाळणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. एन्क्रिप्शन चालू असताना बूटच्या क्रमात किंवा फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये बदल झाला, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, आणि ती नसेल तर स्वतःच्याच डिस्कवरचा मजकूर कायमचा बंद होऊ शकतो. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असल्यास तेथे जाऊन कागदावर उतरवून घ्यावी, आणि शक्य असेल तर काम संपेपर्यंत बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. विंडोजची इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हही याच वेळी तयार करून ठेवावी. ८ जीबीची पुरते.

मग संगणक रिस्टार्ट करून फर्मवेअरच्या पडद्यात गेलो. कोणत्या कंपनीच्या यंत्रावर त्यासाठी एफ२, कुठे एफ१०, कुठे डिलीट ही कळ दाबावी लागते. बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ला सर्वांत वर नेले आणि बदल जतन केला. त्यानंतर काही दिवस संगणक नेहमीसारखा वापरला. ग्रबचा मेनू मध्ये न येता विंडोज थेट सुरू होते याची खात्री पटेपर्यंत पुढे जायचे नाही, असे ठरवले होते. घरातल्या कोणाला उबुंटूतले काही हवे असल्याची आठवण याच काळात होते, आणि आमच्याकडे ती झालीही.

पुढची पायरी ईएफआय पार्टिशनमधल्या फोल्डरची. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रथम ‘बीसीडीएडिट’ या आज्ञेला ‘एनम फर्मवेअर’ असे जोडून सर्व नोंदी पाहाव्यात. काही लॅपटॉपांचे फर्मवेअर ‘विंडोज बूट मॅनेजर’ या नावाव्यतिरिक्त दुसरे काही सुरूच करत नाही, म्हणून तेथे उबुंटू चालवण्यासाठी पूर्वी कोणी त्याच नावाखालचा मार्ग बदलून ग्रबकडे वळवलेला असू शकतो. तसे असेल तर फोल्डर काढण्याआधी तो मार्ग मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरमधल्या ‘बूटएमजीएफडब्ल्यू’ या फाइलकडे परत वळवणे अत्यावश्यक आहे, अन्यथा नाव विंडोजचे आणि वाट उबुंटूची, अशी स्थिती होऊन दोन्ही बंद पडतील.

ईएफआय पार्टिशनला एरवी ‘सी’सारखे ड्राइव्हचे अक्षर नसते. ‘माउंटवॉल’ ही आज्ञा, एखादे न वापरलेले अक्षर आणि तिरप्या रेषेसह ‘एस’ हा पर्याय एवढे दिले, की त्या अक्षराखाली ते उघडते. विंडोजचा फाइल एक्स्प्लोरर तेथे सहसा प्रवेश देत नाही, म्हणून त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये राहून यादी पाहावी. तेथे ‘ईएफआय’ या फोल्डरात ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘बूट’ आणि ‘उबुंटू’ अशी नावे दिसतात. काही यंत्रांवर निर्मात्या कंपनीच्या नावाचेही एखादे फोल्डर असते. काढायचे ते फक्त ‘उबुंटू’. ‘बूट’ हे नाव पाहून तेही ग्रबचे असेल असा समज होण्याचा संभव आहे, परंतु फर्मवेअरची यादी पुसली गेल्यास आधार म्हणून वापरली जाणारी फाइल त्यात असते, तेव्हा त्याला हात लावू नये. काम झाले की ‘माउंटवॉल’च्या ‘डी’ पर्यायाने ते अक्षर काढून घ्यावे. एवढे करूनही चुकून मायक्रोसॉफ्टच्या फोल्डराला धक्का लागलाच, तर इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा विंडोजच्या फोल्डरातून त्या सर्व फायली नव्याने तयार करून देते.

फर्मवेअरमधली नोंद त्यानंतर काढली. ‘बीसीडीएडिट’च्या यादीत ‘उबुंटू’ असे वर्णन आणि ‘शिमएक्स६४’ या फाइलचा मार्ग असलेली नोंद असते. तिच्या माथ्यावरचा महिरपी कंसातला लांब ओळखक्रमांक जसाच्या तसा ‘डिलीट’ पर्यायापुढे द्यायचा. पॉवरशेलमध्ये हे करायचे असल्यास तो कंसासह अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो, नाहीतर आज्ञा समजली नाही असे उत्तर येते. फोल्डर आधी आणि नोंद नंतर, याला कारण आहे: काही मदरबोर्डांचे फर्मवेअर ईएफआय पार्टिशनमध्ये ओळखीची फाइल दिसली की तिची नोंद आपणहून पुन्हा तयार करते, आणि मग पुसलेले नाव पुढच्या वेळी परत हजर होते.

एवढे झाल्यावर संगणक ‘शट डाउन’ न करता ‘रिस्टार्ट’ केला, कारण फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन ही पूर्ण बंद होण्याची क्रिया नसते, रिस्टार्ट ही असते. आणि मग डिस्क मॅनेजमेंट उघडले.

त्या पडद्यावर उबुंटूच्या पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर नसते आणि फाइल सिस्टीमचे नावही नसते. पण विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेल्या रिकव्हरी पार्टिशनलाही अक्षर नसते, आणि निर्मात्या कंपनीचे एखादे पार्टिशन असल्यास त्यालाही नसते. म्हणून ‘ज्याला अक्षर नाही ते लिनक्स’ ही समजूत अपुरी आहे. आपण लिहून ठेवलेला आकार, डिस्कवरची जागा आणि ‘ईएफआय सिस्टीम’ किंवा ‘रिकव्हरी’ असा उल्लेख तेथे नसणे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच उजवी क्लिक करून ‘डिलीट व्हॉल्यूम’ निवडावे. उबुंटू जुन्या काळी बसवलेले असेल तर शेजारी एक लहान स्वॅप पार्टिशनही (मेमरी अपुरी पडल्यास वापरायची जागा) असू शकते; १७.०४ या आवृत्तीपासून उबुंटू त्याऐवजी सहसा स्वॅप फाइल वापरते. विंडोजने मध्येच ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असे विचारले तर घाईने होकार देऊ नये. नकार देऊन नेमके कोणते पार्टिशन आहे ते पुन्हा पाहावे.

पार्टिशन डिलीट करणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखे आहे. पाने लगेच नाहीशी होत नाहीत. त्यामुळे चुकीचे पार्टिशन गेलेच, तर त्याच क्षणी थांबावे, त्या जागेवर काहीही नवे तयार करू नये, आणि टेस्टडिस्क या मोफत साधनाने हरवलेली नोंद शोधावी. नवे पार्टिशन करून ते फॉरमॅट केले, तर एसएसडीवर ही संधी जवळजवळ संपतेच, कारण त्या वेळी विंडोज ट्रिमच्या सूचनेने ती जागा मोकळी झाल्याचे डिस्कला कळवते आणि डिस्क आतला मजकूर खरोखरच सोडून देते.

मोकळी झालेली जागा ‘सी’ला जोडताना अनेकांची निराशा होते. ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय पुसट दिसतो आणि निवडताच येत नाही. विंडोज पार्टिशनचा आरंभ हलवत नाही, त्याला फक्त उजवीकडे वाढवते, म्हणून मोकळी जागा त्याच्या उजव्या कडेला अगदी चिकटून असावी लागते. आमच्याकडे उबुंटूला जागा देताना ‘सी’च्याच शेवटातून ती कापलेली असल्याने क्रम ‘सी’, मग उबुंटू, मग रिकव्हरी असा होता, आणि जोडणी क्षणात झाली. पण विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटने ‘सी’तून थोडी जागा काढून नवे रिकव्हरी पार्टिशन मध्येच तयार केले असेल, तर तो अडसर ठरतो. जीपार्टेड या पार्टिशन हलवण्याच्या साधनाच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून ते सरकवता येते, मात्र सरकवण्याच्या कामात वीज गेली तर ते पार्टिशन निकामी होऊ शकते, तेव्हा यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर मी ते करणार नाही. त्याऐवजी त्या जागेत नवा ‘डी’ ड्राइव्ह करून छायाचित्रे तिकडे हलवणे हा मला अधिक समंजस मार्ग वाटतो. ‘सी’ मोठा झाला काय आणि ‘सी’तले ओझे कमी झाले काय, रोजच्या वापरात फरक पडत नाही.

उरलेली कामे किरकोळ आहेत, पण करण्यासारखी आहेत. लिनक्स संगणकाच्या आतल्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, म्हणून भारतात हे घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलेले दिसू शकते. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ एकदा दाबले की ते जुळते, आणि आता ते बिघडवणारे दुसरे कोणी संगणकावर नसल्याने पुन्हा मागे पडत नाही. बिटलॉकर स्थगित केले असेल तर ते पुन्हा चालू करावे. शेवटी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी’ ही आज्ञा ‘इन्फो’ पर्यायासह देऊन विंडोजची रिकव्हरी व्यवस्था ‘एनेबल्ड’ आहे का ते पाहावे. पार्टिशनांची सरकवासरकव केली असेल तर ती बंद पडलेली असू शकते, आणि तसे दिसल्यास त्याच आज्ञेला ‘एनेबल’ जोडून ती चालू करता येते.